मोबाईल फॉरमॅट मारायच्या आधी पिकाचे फोटो कुठं आहेत ते बघा

खरिपाची ई-पीक पाहणी सुरू झाली की तालुक्याच्या मोबाईल दुकानांत गर्दी वाढते. तक्रार एकच, ॲप चालत नाही, फोन हँग होतो. त्यावर उपायही एकच, फॉरमॅट मारा. गेल्या हंगामात माझ्या चुलतभावानं असाच फोन दिला. दहा मिनिटांत फोन कोरा करकरीत झाला. शेतात रेंज नव्हती म्हणून दोन गटांची पाहणी फोनमध्येच साठली होती, अपलोड व्हायची होती, तीही गेली. मुदत बाकी होती म्हणून पुन्हा बांधावर जाऊन निभावलं. पण खरडून गेलेल्या वावराचे जुने फोटो काही परत आले नाहीत.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद, संग्रामपूर भागात पुरानं जमिनी खरडल्या, तेव्हा अनेकांजवळ पुरावा होता तो हातातल्या मोबाईलचाच.

लोकांचा मोठा गैरसमज असा की फॉरमॅट मारला म्हणजे फोन नवा होतो. तसं नाही. फॉरमॅटनं फोनमधलं आपलं सामान निघून जातं, अँड्रॉइडचं व्हर्जन आहे तेच राहतं. व्हर्जन म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ प्रणालीची आवृत्ती. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडलं की आकडा दिसतो. २०१८ साली ९ आलं, २०१९ ला १०, २०२४ ला १५. तो वाढतो फक्त कंपनीनं अपडेट पाठवलं तर, आणि स्वस्तातल्या फोनला एकदोन अपडेटनंतर कंपनी विसरून जाते. इकडं ॲप मात्र नवं व्हर्जन मागत राहतं. व्हॉट्सॲपनं जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४ वाल्या फोनचं काम बंद केलंच ना!

सरकारी ॲपचंही हेच दुखणं. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते. दोन जीबी रॅमच्या त्या फोनवर पोषण ट्रॅकर धड चालत नव्हतं. त्यांचा फोन निदान सरकारचा होता. शेतकऱ्याला ई-पीक पाहणी २०२१ पासून आली, पण फोन त्यानं स्वतःच्या खिशातून घ्यायचा, अन् तो जुना झाला की दोष त्याचाच. हे काही बरोबर नाही.

आता बॅकअपचं. फोन दुकानात देण्याआधी पीक पाहणीच्या ॲपमध्ये अपलोड बाकी असेल तर रेंजमध्ये येऊन ते आधी करा. ते सर्व्हरवर गेलं की फोनचं काही होवो. फोटोंसाठी गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू आहे का ते बघा. फुकट जागा १५ जीबी, अन् त्यातच जीमेल आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही बसतो. गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी ती कधी भरते कळत नाही, आणि भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. जागा करायची म्हणून गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला तर तो दोन्हीकडून जातो, हेही ध्यानात ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे कामाचे फोटो मेमरी कार्डावर किंवा पोराच्या लॅपटॉपवर टाकून ठेवणं. कार्ड मात्र दुकानात देताना काढून घ्या.

अजून एक घोळ. बटणं दाबून फॉरमॅट मारला की फोन सुरू होताना जुना जीमेल आणि पासवर्ड मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ही सोय. पण आपल्याकडं निम्म्या लोकांचा आयडी दुकानदारानं नाहीतर भाच्यानं बनवलेला असतो! भावाचा आयडी पुण्यातल्या भाच्याचा निघाला, तो ड्युटीवरून सुटेपर्यंत संध्याकाळ झाली. आयडी-पासवर्ड वहीत लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. फोन विकणार असाल तर आधी सेटिंगमधून खातं काढा, मगच रिसेट करा.

फोन जुनाच असेल अन् ॲप घेतच नसेल तर लगेच नवा घ्यायला धावू नका. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची पीक पाहणी होते. शेजाऱ्याच्या फोनवरून करा, गावासाठी नेमलेल्या सहाय्यकाला विचारा. भावानं यंदा माझ्याच फोनवरून केली.