खायचा कांदा वेगळा अन् विकायचा वेगळा, असं का?

मंडळी, खरिपाची रोपं टाकायचे दिवस जवळ आले. बियाणाच्या दुकानात एकच प्रश्न ऐकू येतोय, "यंदा कुठलं बी चाललंय?" हा कांदा कोण, कशात अन् कधी खाणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

आमच्याच घरचं सांगतो. शेतात दोन एकर लाल कांदा असतो, पण आई वर्षभरासाठी उन्हाळी गावरानच भरून ठेवते. म्हणते, "लाल कांद्याला पाणी लय. वाटणाला परतता परतता गॅस संपतो, अन् महिनाभरात मोड येतात."

आईचं चुकत नाही. खरिपाचा लाल कांदा ताजाच खायचा. भाकरीसोबत बुक्कीनं फोडून खायला, भज्याला, कोशिंबिरीला तो झकास. उन्हाळी कांदा घट्ट, पाणी कमी, त्यामुळं काळ्या मसाल्याच्या आमटीला तोच लागतो. एन-2-4-1, भीमा किरण, भीमा शक्ती हे रब्बीत लावून नीट सुकवले, तर हवेशीर चाळीत पाच-सहा महिने टिकतात. बसवंत 780, फुले समर्थ, भीमा सुपर हे खरिपाचे वाण. त्यांच्याकडून टिकण्याची अपेक्षा करणं म्हणजे ज्वारीच्या पेरणीत गहू शोधणं.

आता खरा मुद्दा. आपल्या जिल्ह्यात बहुतेकांचा लाल कांदा एकदमच निघतो. नोव्हेंबर ते जानेवारी सोलापूर बाजार समितीत गाड्यांची रांग लागते. माल थांबत नाही, म्हणून शेतकरीही थांबू शकत नाही. मिळेल तो भाव घ्यायचा. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं 512 किलो कांदा किलोला 1 रुपया भावानं विकला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात 2 रुपयांचा चेक पडला. साऱ्या देशात बातमी झाली, अन् आपण विसरलोही.

त्याच वर्षी 8 डिसेंबरला केंद्रानं निर्यातबंदी केली. ऐन लाल कांद्याच्या हंगामात! ती उठली मे 2024 मध्ये. ज्याच्या चाळीत उन्हाळी कांदा होता, त्याला निदान वाट बघता आली. लालवाल्याला तीही सोय नव्हती. सरकारचं धोरण चुकलंच, त्यात वाद नाही. पण सगळी अंडी एकाच टोपलीत आपणच ठेवतो, हेही खरं.

कुणी म्हणेल, "रब्बीला मार्च-एप्रिलपर्यंत पाणी कुठून आणू?" बरोबर आहे. कॅनॉलचं आवर्तन वेळेवर येईल याची खात्री नाही. म्हणून सगळं रान बदला असं मी म्हणतच नाही. ठिबकवर बसेल तेवढाच, वीस गुंठे का होईना, टिकणारा कांदा लावा. चाळीसाठी अनुदानाची योजना आहे, कृषी सहायकाला विचारा. लाल लावायचाच तर रोपं दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं टाका, म्हणजे सगळा माल एकाच आठवड्यात निघणार नाही.

बियाणाची पिशवी अन् पक्कं बिल पीक निघेपर्यंत जपा. तीन वर्षांपूर्वी मी रब्बीचं म्हणून घेतलेल्या बियाला निम्मे डेंगळे आले. बिल नव्हतं, तक्रार कशाच्या जोरावर करणार?

अन् बाजार समितीकडं एक मागणी. लिलावात कांदा फक्त "लाल" अन् "गावरान" म्हणून विकला जातो, रंग अन् आकार बघून. पट्टीवर वाणाचं नावही लिहा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गिऱ्हाईक तो नावानं मागतं. आपला कांदा मात्र बिननावाचाच गाडीत चढतो. नाव नसलेल्या मालाला भाव कोण देणार?

तुमच्या घरात कुठला कांदा खातात अन् रानात कुठला लावता, कमेंटमध्ये लिहा. दोन्ही एकच असेल, तर तुमचं अभिनंदन!