बॉक्सवर ‘४के’, रेकॉर्डिंगमध्ये काय? कॅप्चर कार्ड घेण्याआधी हे वाचा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. तेव्हापासून ओळखीतली मुलं मला एकच प्रश्न विचारतायत: “दादा, कन्सोलवरचा गेम रेकॉर्ड करून चॅनल काढायचंय, कॅप्चर कार्ड कुठलं घेऊ?” ऑनलाइन बघाल तर काहीशे रुपयांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत कार्डं आहेत, आणि बहुतेकांवर ‘४के’ छापलेलं आहे. मग पैसे जातात कुठे?

आधी ठरवा: कार्ड लागणार आहे का?

प्लेस्टेशन ५ मध्ये शेवटच्या एक तासापर्यंतचा खेळ असाच सेव्ह करता येतो, कॉम्प्युटरशिवाय यूट्यूबवर लाइव्हही जाता येतं. निन्टेंडो स्विचवर मात्र एका वेळी ३० सेकंदांचीच क्लिप मिळते. म्हणजे स्विचवाल्यांना कार्ड लागतंच. बाकीच्यांना ते लागतं सलग लांब रेकॉर्डिंगसाठी, किंवा स्ट्रीमची मांडणी आपल्या मनासारखी करायची असेल तर.

‘४के’ नेमकं कशाचं?

कार्ड दोन कामं करतं. एक, कन्सोलचं चित्र टीव्हीकडे पुढे पाठवणं, म्हणजे पासथ्रू. दुसरं, तेच चित्र रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरला देणं. बॉक्सवरचं ‘४के’ बऱ्याचदा पहिल्या कामाचं असतं. एल्गाटोचं एचडी६० एक्स टीव्हीला ४के ६० फ्रेम्स देतं, पण ४के रेकॉर्डिंग ३० फ्रेम्सवरच करतं. ते हे स्पष्ट लिहितात. स्वस्तातल्या कार्डांवर ही ओळ शोधूनही सापडत नाही.

आता साधं गणित करू. १०८०पी, ६० फ्रेम्स, एका पिक्सेलला १६ बिट धरले तर सेकंदाला साधारण २ गिगाबिट डेटा होतो. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे पाव भागसुद्धा नाही. मग कार्ड प्रत्येक फ्रेम जेपीईजी फोटोसारखी दाबून पाठवतं. अंधाऱ्या सीनमध्ये चौकोन दिसतात, लाल अक्षरं फिस्कटतात. माझ्या मावसभावाचं असंच एक ‘४के’ कार्ड मी ओबीएसमध्ये जोडून पाहिलं. न दाबलेल्या १०८०पी चित्रासाठी त्यात पर्याय होता फक्त ५ फ्रेम्सचा!

म्हणून प्रॉडक्ट पेजवर दोनच गोष्टी शोधा: यूएसबी ३.० आहे का, आणि ‘कॅप्चर’समोर रिझोल्युशन व फ्रेम्स किती लिहिलेत. प्लग निळा आहे म्हणजे ३.० आहे असं समजू नका, प्लास्टिकला रंग कुठलाही देता येतो. रिटर्नची मुदत संपायच्या आत ओबीएसमध्ये जोडून खात्री करा.

फोनला जोडायचा विचार असेल तर

काही अँड्रॉइड फोनवर ॲप टाकून हे जमतं. पण बजेट फोनचं टाइप-सी पोर्ट आतून बहुधा यूएसबी २.० च असतं. तिथे महागडं कार्ड लावूनही गळा तेवढाच अरुंद राहणार. शिवाय कार्ड फोनचीच बॅटरी खातं.

स्क्रीन काळी दिसली तर

कार्ड खराब आहे असं लगेच समजू नका. प्लेस्टेशन ५ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग एचडीएमआय इथे जाऊन एचडीसीपी बंद करा. ते बंद असताना कन्सोलवरची ओटीटी ॲप्स चालणार नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

पैशांचा हिशोब

नव्या कायद्यात पैसे लावायच्या गेम्सची जाहिरात करणंही गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणजे ‘एखादं बेटिंग ॲप स्पॉन्सर करेल’ हा मार्ग बंद. त्यामुळे कार्डाचा ईएमआय चॅनलच्या कमाईतून फेडू, हे गणित आज तरी मांडू नका.

माझं मत सरळ आहे. कन्सोलमध्येच रेकॉर्डिंग होत असेल तर पहिले दहा व्हिडिओ त्यावरच काढा. कार्ड घ्यायचंच झालं तर खरं १०८०पी ६० देणारं, यूएसबी ३.० चं घ्या. तुमचे व्हिडिओ बघणारे बहुतेक जण ते सहा इंची फोनवरच बघणार आहेत. वाचलेल्या पैशात बरा माइक घ्या, कारण खरखरणारा आवाज कोणीच दोन मिनिटं ऐकत नाही.