विश्लेषण : साखर कारखाना जास्त गंजतो तो बंद असताना!

परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरीसारख्या गावातून उसाची गाडी भरून निघते आणि वाटेतच मोबाइलवर निरोप येतो, ‘गव्हाण बंद आहे, गाडी आणू नका’. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : नळी फुटली, टाकी गळतेय, वेल्डिंग चालू आहे. तोडलेला ऊस मात्र थांबत नाही. उन्हात त्याचे वजन घटते, साखरही उतरते. पहिले नुकसान शेतकऱ्याच्या काट्यावर होते, पुढचे कारखान्याच्या उताऱ्यावर. या ‘ब्रेकडाऊन’मागे अनेकदा एकच जुना शत्रू असतो, तो म्हणजे गंज.

कारखान्यात गंज येतो कुठून?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो, हे शाळेत शिकवलेले असते. साखर कारखान्यात त्यात आम्लाची भर पडते. ताज्या उसाच्या रसाचा सामू साधारण ५ ते ५.५ असतो, म्हणजे रस मुळातच आम्लधर्मी. सोबत माती आणि वाळूचे कण येतात. ते धातूवर तयार झालेला गंजाचा थर घासून काढतात आणि खालचे नवे लोखंड पुन्हा रसाच्या तोंडी देतात. त्यामुळे गिरणीखालचे हौद, रसाचे पंप आणि पाइपांची वळणे आधी जातात.

पांढरी साखर करण्यासाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. हा वायू ओलाव्याला भेटला की आम्ल तयार होते. गंधकाच्या भट्टीच्या आसपासचे पाइप आणि छताचे पत्रे लवकर का चाळणी होतात, याचे उत्तर इथे आहे.

मग बंद काळात काय बिघडते?

महाराष्ट्रात गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालते. पाऊस कमी झालेल्या वर्षी मराठवाड्यात ते त्याआधीच आटोपते. म्हणजे यंत्रे चालतात त्याहून अधिक काळ उभी असतात आणि त्यात अख्खा पावसाळा येतो. चालू यंत्रात निदान रसाचा सामू, तापमान यावर कोणाचे तरी लक्ष असते. बंद टाकीच्या तळाशी राहिलेला चार बोटे रस आंबतो, आणखी आम्लधर्मी होतो आणि महिनोन्महिने तिथेच बसून पत्रा खातो. बाहेरून टाकी रंगवलेली, आतून पोखरलेली.

म्हणून हंगाम संपताच टाक्या, ज्यूस हीटर, इव्हापोरेटर धुऊन कोरडे करणे आणि आतून चुन्याचा हात देणे ही जुनी पद्धत आजही उपयोगाची आहे. बॉयलर ठेवण्याचे दोनच मार्ग. एक तर पूर्ण कोरडा करून आत सिलिका जेल किंवा कळीचा चुना ठेवून बंद करायचा, नाही तर ऑक्सिजन काढलेल्या क्षारधर्मी पाण्याने काठोकाठ भरायचा. अर्धा रिकामा, अर्धा ओला बॉयलर सर्वांत वाईट. शेवटची मोळी पडल्यावर हंगामी कामगार घरी जातात, हाती पैसा नसतो आणि हे काम ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हणत राहून जाते. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या सहकारी कारखान्यांत तर सभासदांच्या भागभांडवलाचाच भुगा होत असतो. लिलावात तो कारखाना भंगाराच्या भावाने का जातो, याचे एक कारण हेही.

सगळे स्टेनलेस केले तर?

खर्च बाजूला ठेवला तरी ‘स्टेनलेस’ हे एकच पोलाद नव्हे. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्याचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. ३०४ या प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. रसाच्या कामाला ते बहुतेक ठिकाणी पुरते. मात्र क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, हा थर टाचणीएवढ्या जागी फोडतो आणि तिथून आरपार भोक पाडतो. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेले असते ते यासाठीच.

हा फरक डिस्टिलरीत महाग पडतो. इथेनॉलमुळे आता अनेक कारखान्यांना डिस्टिलरी जोडलेली आहे. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. तो गरम, आम्लधर्मी आणि क्लोराइडने भरलेला असतो. तिथे ३०४ चा पाइप टाकणे म्हणजे स्वस्तात महागाई. काही ठिकाणी त्याहून वरचे, २२ टक्के क्रोमियमचे ‘डुप्लेक्स’ पोलाद लागते.

लोहचुंबक लावून पोलाद ओळखण्याची सवय मात्र सोडलेली बरी. ३०४ आणि ३१६ या दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही, तर त्यांच्याहून सरस डुप्लेक्सला चांगला चिकटतो. खात्री हवी असेल तर एक्स-रे विश्लेषकाने धातूतील घटक तपासावे लागतात. आणि चांगले पोलाद आणूनही वेल्डर साध्या लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश त्यावर फिरवतो. लोखंडाचे कण तिथे अडकतात आणि काही दिवसांत ‘स्टेनलेस’वर तांबूस डाग उमटतात. दोष मग पुरवठादाराच्या माथी.

तपासणी कोण करते?

बॉयलरला साधारणपणे वर्षाच्या मुदतीचे प्रमाणपत्र लागते आणि राज्यात बाष्पके संचालनालय ते पाहते. रसाची किंवा मळीची साधी टाकी बाष्पक कायद्यात येत नाही. तिची जबाबदारी कारखान्यावरच येते. डिसेंबर २०१७ मध्ये परळीजवळच्या वैद्यनाथ साखर कारखान्यात गरम रसाच्या टाकीच्या दुर्घटनेत कामगारांचे प्राण गेले. ती गंजामुळेच झाली असे म्हणता येणार नाही. पण साधी समजली जाणारी टाकीही जीव घेऊ शकते, हे परभणी-बीडकरांनी तेव्हा पाहिले.

यावरचा उपाय हातात मावणारा आहे. अल्ट्रासोनिक जाडीमापक बाहेरून टेकवला की पत्र्याची शिल्लक जाडी दिसते. मोजणी दरवर्षी त्याच खुणेवर हवी, एवढीच अट. समजा, ८ मिलिमीटरचा पत्रा चार वर्षांनी ६.८ भरला. म्हणजे वर्षाला ०.३ मिलिमीटर गेला. त्या टाकीला किमान ५ मिलिमीटर जाडी लागत असेल, तर हिशेबाने सहा वर्षे उरली. तळ आणि वेल्डिंगचे सांधे त्याआधीच जातील, म्हणून तिथे मोजणी दाट करायची. ग्लासवूल गुंडाळलेल्या पाइपांवर पत्र्याचे आवरण फाटले असेल तर ते उघडून पाहायचे. पावसाचे पाणी आत मुरून तिथे कोणाला न दिसता गंज वाढतो.

जगभरात गंजाची किंमत जागतिक उत्पन्नाच्या सुमारे ३.४ टक्के असल्याचा आणि उपलब्ध उपायांनीच तिच्यातील १५ ते ३५ टक्के वाचवता येत असल्याचा अंदाज ‘नेस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये मांडला होता. साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालात ‘यंत्रसामग्री दुरुस्ती व देखभाल’ या एका ओळीत रक्कम छापलेली असते. कोणत्या टाकीचा पत्रा किती मिलिमीटर उरला, हे त्या ओळीत नसते. वार्षिक सर्वसाधारण सभेत ती नोंदवही मागायला सभासदाला इंजिनीअर असावे लागत नाही.