बोगद्यातून गेला, पण पत्ता बाहेर विचारला!

मुलांनो, विट्याहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, "माझे बाबा पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करतात. कामाला बसताना आधी व्हीपीएन लावतात. परवा ऑफिसातून फोन आला की, डीएनएस लीक होतंय का ते तपासून कळवा. बाबा म्हणाले, व्हीपीएन चालू आहे म्हणजे सगळं ठीकच असणार. आमच्या मोरीतला नळ गळतो तो दिसतो तरी. ही गळती कुठं दिसते?"

प्रश्न झकास आहे. बाबांचं म्हणणं मात्र अर्धंच बरोबर आहे.

साताऱ्यात समर्थ मंदिराकडून सज्जनगडाच्या वाटेला लागलं की डोंगरातला जुना बोगदा लागतो. सहलीला गेला असाल तर त्यात शिरताना तुम्ही नक्कीच ओरडला असाल! गाडी बोगद्यात असते तोवर वर डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाही. व्हीपीएन हा असाच एक बोगदा. तुमच्या संगणकापासून दूरच्या एका संगणकापर्यंत सांकेतिक लिपीत गुंडाळलेली वाट. तुम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला एवढंच कळतं की, गाडी बोगद्यात शिरली. पलीकडे ती कुठं वळली, ते कळत नाही.

आता डीएनएस. इंटरनेटवरचे संगणक एकमेकांना नावानं ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. २०३.०.११३.२५ असे काहीसे आकडे. आपल्याला ते कुठले लक्षात राहायला? म्हणून आपण नाव टाइप करतो आणि आपला संगणक गुपचूप कुणाला तरी विचारतो, "या नावाचा आकडा काय हो?" आईबाबांना विचारा, पूर्वी कुणाचा फोन नंबर माहीत नसला की १९७ फिरवून चौकशी करायची सोय होती. तसंच हे. फार पूर्वी इंटरनेटच्या पूर्वजाला मोजकेच संगणक जोडलेले होते, तेव्हा सगळी नावं आणि आकडे एकाच यादीत मावायचे. ती यादी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची माणसं सांभाळत. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही डीएनएसची पद्धत मांडली. काम वाटून घेतलं गेलं, पण पत्ता विचारावा लागतो तो लागतोच.

आणि गळती होते ती इथंच. गाडी बोगद्यातून जाते, पण निघण्यापूर्वी पत्ता मात्र बाहेरच्या दुकानदाराला विचारते! मग बोगद्याचा उपयोग काय?

तुम्ही म्हणाल, नुसता पत्ता तर विचारला, त्यात काय एवढं? क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ते १९४६ भूमिगत होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. त्या सगळ्या मुलखात इंग्रजांचे पोलीस त्यांना शोधत होते, पण नाना हाती लागले नाहीत. आता समजा, एखादा निरोप्या पागोट्यात चिठ्ठी लपवून निघालाय आणि वेशीवरच्या माणसाला विचारतोय, "नाना कुणाच्या वाड्यात उतरलेत?" चिठ्ठी कुणी वाचलीच नाही, तरी प्रश्नानंच सगळं सांगून टाकलं की नाही? डीएनएस गळतीत तुमचा पासवर्ड किंवा पत्रातला मजकूर जात नाही. कोणकोणत्या नावांची चौकशी केली, तेवढं जातं. पण घरातलं कुणी रोज एखाद्या आजाराच्या दवाखान्याचं नाव शोधत असेल, तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

असं होतं का? कारण संगणक उतावळा असतो. विंडोजच्या ८ आणि १० या आवृत्त्यांत तर अशी सोयच होती की, उत्तर लवकर मिळावं म्हणून जेवढ्या वाटा असतील तेवढ्या सगळ्या वाटांनी विचारायचं. बोगद्यातूनही आणि बाहेरूनही!

आता मैत्रिणीचा खरा प्रश्न : ही गळती दिसते कुठं? आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही याचा खेळ केला, तोच सांगते. एक मुलगा झाला 'दुकानदार काका', म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा पत्ते सांगणारा. एक मुलगी झाली 'बोगद्यापलीकडची मावशी', म्हणजे व्हीपीएनची पत्ते सांगणारी. मी टेबलाशी वही घेऊन बसले. बाकीच्यांनी माझ्याकडे थेट यायचं नाही. काकाला किंवा मावशीला चिठ्ठी द्यायची, त्यांना ठाऊक नसेल तर त्यांनी मला विचारायला यायचं.

पहिली चिठ्ठी दिली, 'सज्जनगड'. काकानं जागेवरूनच सांगून टाकलं, "परळीच्या वर!" माझ्याकडे कुणी आलंच नाही. त्यामुळे चिठ्ठी कुणाच्या हातात पडली, ते मला कळेना. मग मी एक नाव तिथल्या तिथं बनवलं : 'ढमढम ७३१ लिंबूटिंबू'. असं गाव जगात नाही, तेव्हा ते कुणाला ठाऊक असणार? चिठ्ठी ज्याच्याकडे जाईल त्याला निमूट माझ्याकडे यावंच लागेल! मावशी आली तर ठीक. काका आला की पकडला गळतीला.

तपासणीची संकेतस्थळं नेमकं हेच करतात. डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉम हे त्यातलं एक. ते आपल्याच नावाखाली पूर्वी कधीही न वापरलेली नावं बनवून तुमच्या ब्राउझरला देतं आणि विचारायला कोण आलं, त्याची नोंद ठेवतं. आधी व्हीपीएन बंद ठेवून ते पान उघडा, तपासणी करा आणि दिसलेली नावं कागदावर लिहून घ्या. बीएसएनएल, जिओ, एअरटेल, नाहीतर आणखी कुणी. मग व्हीपीएन लावून पुन्हा तपासा. या वेळी 'एक्स्टेंडेड' म्हणजे लांबलचक तपासणी निवडा, कारण काका दर वेळी येतोच असं नाही. दुसऱ्या यादीत पहिल्या यादीतलं एक जरी नाव दिसलं, तरी बाहेर कुणाला तरी विचारणा झाली, असं समजायचं.

पण थांबा, विट्याच्या मैत्रिणीसाठी एक पुस्ती जोडते. काही कंपन्या मुद्दामच फक्त ऑफिसची कामं बोगद्यातून नेतात आणि बाकीची घरच्या वाटेनं. तसं असेल तर यादीत घरची कंपनी दिसणं हा दोष नव्हे. म्हणून ऑफिसच्या संगणकाची सेटिंग आपण बदलायची नाही. दोन्ही याद्या ऑफिसला पाठवायच्या. निदान 'चालू आहे म्हणजे ठीक असणार' यापेक्षा हे उत्तर बरं.

पैसे मोजून घेतलेल्या व्हीपीएनलाही गळती लागते बरं का! एक्स्प्रेसव्हीपीएन हे नावाजलेलं नाव. त्याच्या विंडोजवरच्या ॲपमध्ये काही ॲप बोगद्यातून आणि काही बाहेरून नेण्याची सोय होती. ती वापरणाऱ्या काही जणांचे पत्त्याचे प्रश्न बाहेर जात होते. मे २०२२ पासूनच्या आवृत्त्यांत हा दोष होता. तो उघडकीला आला फेब्रुवारी २०२४ मध्ये, तोही एका तंत्रज्ञानविषयक लेखकानं स्वतः तपासून पाहिलं म्हणून. कंपनीनं मग ती सोय काढून घेतली.

मोठ्या मुलांनो, तुमच्यासाठी वेगळं. गेमसाठी फुकटचा व्हीपीएन आईच्या मोबाईलवर चढवता ना? ओनावो नावाचा असाच एक फुकट व्हीपीएन होता, फेसबुकच्या मालकीचा. तुमची माहिती सुरक्षित ठेवतो, असं तो सांगायचा आणि लोक कोणती ॲप वापरतात, ते स्वतःच टिपून घ्यायचा. त्याबद्दल जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. इथं गळतीची तपासणी करून काहीच हाती लागत नाही, कारण वही घेऊन बसलेला माणूस बोगद्याच्या आतच असतो! आईच्या फोनवरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर असं ॲप आजच काढून टाका. तिला विचारून, हं.

घरच्या संगणकावर गळती सापडलीच, तर आधी व्हीपीएनचं ॲप नव्या आवृत्तीवर आणा. सेटिंगमध्ये 'डीएनएस लीक प्रोटेक्शन' असेल तर ते चालू करा. तरीही काका येतोच आहे? मग आयपीव्ही६ नावाच्या नव्या आकड्यांची वाट बोगद्याबाहेर राहिली असण्याचा संभव आहे. अशा वेळी ॲपच्या मदत विभागाला लिहा. संगणकाची आवृत्ती बदलली की ही तपासणी पुन्हा करायची, कारण काल बुजवलेलं भोक आज उघडलेलं असू शकतं.

आता कोडं. एका मुलीनं व्हीपीएन लावून तपासणी केली. यादीत तिच्या इंटरनेट कंपनीचं नाव नाही, पण व्हीपीएन कंपनीचंही नाही. सगळीकडे दिसतंय 'गूगल'! ही गळती म्हणायची की नाही? एक इशारा देते : ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' कुठं आहे, ते शोधा. उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. नुसतं 'हो' किंवा 'नाही' चालणार नाही, कारणही लिहा.