भूगोल घेऊन काय करणार?

दिवाळी जवळ आली की आमच्या गावात अंगणाअंगणांतून किल्ले उभे राहू लागतात. पोरे चार दिवस आधीपासून माती कालवतात, दगड रचतात, वर गोणपाट घालून हळीव पेरतात. टाके कुठे खणावे, वाट कोणत्या सोंडेवरून चढवावी, पायथ्याची वाडी कुठे वसवावी, यावरून त्यांची भांडणे होतात. माझ्या शेजारचे एक गृहस्थ गेल्या दिवाळीत मला हाताला धरून नातवाचा किल्ला दाखवायला घेऊन गेले. किल्ला खरोखरच सुरेख होता. मी सहज म्हणालो, "पोराला भूगोलाची दृष्टी आहे. कॉलेजात हाच विषय घेऊ द्या त्याला." गृहस्थांचा चेहरा असा उतरला, की जणू मी पोराच्या हाती कटोरा द्यायला सांगितले!

"भूगोल घेऊन काय करणार हो, गुरुजी?"

वाचकहो, ऐन सणाच्या दिवशी भांडण उकरून काढू नये हे मला कळते. परंतु या एका प्रश्नाशी मला भांडायचेच आहे. कारण सहा अक्षरी कॉलेजाचे नाव ऐकून पैसे मोजणारे आपण, मुलाची आवड मात्र या एका वाक्याने मारून टाकतो.

आधी माझी लायकी सांगतो. मी मॅट्रिक. चित्रकलेची परीक्षा देऊन हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर झालो. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. भूगोलाचे तास माझ्या गळ्यात पडले, कारण "तुम्हांला नकाशे काढता येतात!" गणिताचा तास चित्रकलेच्या मास्तराला कुणी देईल काय? भूगोल मात्र कुणीही शिकवावा! मी शिकवू लागलो आणि माझीच फजिती मला कळली. माझ्या एका छापील कादंबरीत मी सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा ओढा थेट अरबी समुद्राला नेऊन सोडला होता. एका वाचकाने कार्ड लिहून माझा कान उपटला. त्या कानाच्या दुखण्याने मी हा विषय प्रथमच नीट वाचला.

आता माझा अपराध सांगतो. २०२० सालच्या मार्चमध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला आणि टाळेबंदी आली. एप्रिलमध्ये तो रद्द झाला. इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या बातमीने घरोघर झालेल्या आनंदाबद्दल. जणू ओझेच उतरले! माझ्या वर्गातली एकच मुलगी हिरमुसली. तिने वर्षभर आमच्या गावाचे झरे, विहिरी, ओढे आणि उतार एका मोठ्या कागदावर काढले होते. उन्हाळ्यात कोणती विहीर कधी आटते, तेही तिने रंगांनी दाखवले होते. हे तिला मी शिकवले नव्हते.

तिचे वडील माझ्याकडे आले. "गुरुजी, पोरगी भूगोल भूगोल करतीय. तुम्ही सांगाल तसं करू." मी काय सांगितले असेल? मी म्हणालो, "कॉमर्सला घाला. भूगोल घेऊन काय करणार? फार तर माझ्यासारखी मास्तरीण होईल." हे वाक्य मीच बोललो. म्हणून आज इतरांवर रागावताना माझा आवाज अधिकच चढतो.

आणि गंमत पाहा. ज्या एप्रिलमध्ये भूगोलाचा पेपर रद्द झाला, त्याच एप्रिलमध्ये गावठाणांची ड्रोनने मोजणी करून लोकांना घराच्या मालकीचे कागद देणारी स्वामित्व योजना सरकारने जाहीर केली. साथीचे जिल्हे लाल, नारिंगी, हिरवे असे नकाशावर रंगवले जात होते. देशाला भूगोल कधी नव्हे इतका हवा होता आणि आम्ही पोरांना पेढे वाटत होतो!

भूगोल म्हणजे राजधान्यांची आणि नद्यांची नावे, ही आपली समजूत. ती नावे आता खिशातला फोनही सांगतो. परंतु अमुक गाव इथेच का वसले, पाणी याच बाजूला का मुरते, रस्ता डोंगराच्या या कुशीतून काढावा की त्या, या प्रश्नांचे शास्त्र ते भूगोल. शिवकाळात हे कळत होते. किल्ला बांधण्याआधी गडावर पाणी आहे की नाही ते पाहावे, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा आपण फटाके उडवले. ते किल्ले ज्या विद्येवर उभे आहेत ती मुलाने मागितली, तर आपण कपाळाला हात लावतो.

"पण नोकरीचे काय?" विचारा, जरूर विचारा. पोट प्रत्येकालाच आहे. तेव्हा उत्तर ऐका. देशाचे नकाशे करणारे भारतीय सर्वेक्षण खाते १७६७ पासून चालू आहे. विषयवार नकाशांसाठी १९५६ मध्ये कलकत्त्यास एक स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली. उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून पिके, जंगले, पाणी ओळखण्याचे काम हैदराबादेस चालते. ते शिकवणारी संस्था डेहराडूनला आहे. आपल्या राज्याचे असेच केंद्र नागपुरात आहे. संगणकावर नकाशे रचून त्यांत माहिती भरण्याचे जे जी.आय.एस. नावाचे तंत्र आहे, त्याची गरज नगररचनेला आहे, पाणीपुरवठ्याला आहे, वीज नि टेलिफोनच्या कंपन्यांना आहे, पीकविमा आणि माल घरपोच करणाऱ्यांनाही आहे. नकाशे करण्यावरची पुष्कळशी बंधने सरकारने २०२१ मध्ये उठवली, तेव्हापासून खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र अधिकच मोकळे झाले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत भूगोल हा ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो आणि सामान्य अध्ययनातही तो असतोच. आणि शेवटी मास्तरकी. तिलाही नाक मुरडू नका. चांगला भूगोल-मास्तर मिळाला असता, तर तुमच्या गावाला चित्रकलेचा मास्तर चालवून घ्यावा लागला नसता.

मी खोटी आशा दाखवणार नाही. नुसती पदवी भिंतीवर टांगून कोणी दारात नोकरी आणून देत नाही. पुष्कळ कॉलेजांतून भूगोल म्हणजे प्राध्यापकांनी सांगितलेल्या नोट्स उतरवणे आणि मागल्या वर्षीच्या जर्नलवरून आकृत्या गिरवणे, एवढेच उरले आहे. विद्यार्थी तीन वर्षांत एक नदी उगमापर्यंत चालून जात नाही. तेव्हा ज्याला हा विषय घ्यायचा आहे, त्याने संख्याशास्त्र शिकावे, संगणक शिकावा आणि पायांत चपला घालून उन्हात हिंडावे. परंतु हे सारे इतर विषयांनाही लागू नाही काय? बेकार इंजिनियर गावोगाव दिसतात. म्हणून इंजिनियरिंग घेऊन काय करणार, असे कुणी विचारत नाही. हा प्रश्न भूगोलाच्याच वाट्याला का?

आणि एक गोष्ट नोकरीहून मोठी आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर उतरला. गावात भूगोल शिकलेला माणूस असता, तर सारे वाचले असते, असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पाऊस कुणाचे ऐकत नाही. परंतु कोणत्या उताराखाली घरे बांधू नयेत, डोंगराला पडलेली भेग कुणाला कळवावी, कोणता ओढा बुजवू नये, हे सांगणारी माणसे तालुक्या-तालुक्याला हवीत की नकोत? ती शहरातून भाड्याने येणार नाहीत. ती आपल्याच अंगणात हळीव पेरून किल्ला करीत बसलेली असतात.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. ती बी.कॉम. झाली. तालुक्याच्या गावी एका दुकानात हिशेब लिहिते. काम प्रामाणिकपणे करते आणि माझ्याशी आदराने बोलते, याचेच मला जास्त वाईट वाटते. यंदा जूनमध्ये तिचे वडील पुन्हा आले. धाकटा दहावी पास झाला होता आणि त्यानेही भूगोलाचाच हट्ट धरला होता. बहिणीने काढलेला तो कागद म्हणे त्याने आपल्या खाटेजवळ लावून ठेवला आहे. या वेळी मी सांगितले, "घेऊ द्या." पुढे काय काय शिकावे लागेल, तेही सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. उठताना म्हणाले,

"मग गुरुजी, थोरलीच्या वेळी का नाही सांगितलंत?"

वाचकहो, मला उत्तर देता आले नाही. आज तुमच्या अंगणात जो किल्ला उभा आहे, तो ज्या पोराने केला, त्याला जवळ बोलावून एवढेच विचारा, "टाके तू इथेच का खणलेस?" आणि तो काय सांगतो ते नीट ऐका.