भिंतीवरचा रनवे

रूममेट लंडनला निघाली. दोन वर्षांची ऑनसाइट पोस्टिंग म्हणजे लॉटरीच की! प्रश्न होता गिफ्टचा. परफ्यूम, घड्याळ वगैरे बोअरिंग ऑप्शन्स कॅन्सल करून मी ठरवलं, नकाशा द्यायचा. शहराचा नाही, एअरपोर्टचा. इमारती, रस्ते सगळं गाळून पांढऱ्या कागदावर फक्त रनवेच्या काळ्या रेघा. अशा प्रिंट्स तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या हॉलमध्ये पाहिल्या असतील. लांबून अगदी मॉडर्न पेंटिंग! शिवाय पाहुण्यांना ‘ओळखा कुठलं एअरपोर्ट’ म्हणून छळता येतं.

सॅटेलाइट फोटोंच्या प्रिंट काढल्या, वर ट्रेसिंग पेपर ठेवला. आपलं सांताक्रूझ म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेघा, उघडलेली कात्रीच. हीथ्रो म्हणजे दोन समांतर रेघा, गणितातलं बरोबरचं चिन्ह. रेघांच्या टोकाला आकडे असतात. 27 म्हणजे होकायंत्रावर 270 अंश, अर्थात पश्चिम. तीच धावपट्टी उलट बाजूने 09. विमानं शक्यतो समोरून येणारा वारा घेऊनच चढतात-उतरतात. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून, म्हणून विमानं घाटकोपरवरून पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. थोडक्यात काय, ही रेघ इंजिनीअरने आखली तरी दिशा वाऱ्यानेच ठरवली.

आता खरी गंमत. कागदाच्या कडेला आणखी एक बारकी रेघ येत होती, जुहूची. 1932 मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहू. डिझाइन बिघडतंय म्हणून मी ती खोडायला निघाले होते. खोडण्याआधी सहज तिचा आकडा पाहिला. 08! म्हणजे सांताक्रूझच्या 09 ची जवळजवळ जुळी बहीण, मध्ये जेमतेम काही किलोमीटर. पश्चिमेकडून येणाऱ्या पायलटला आधी दिसणार तीच.

आणि घोटाळा झालाही. 1953 मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट चुकून जुहूला उतरलं. 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 तिथेच टेकलं आणि जेमतेम अकराशे मीटरच्या धावपट्टीवरून पुढे निघून गेलं. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही, विमान मात्र कायमचं निकामी झालं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडेच असं होतं. छे! लंडनमध्ये हीथ्रोजवळ नॉर्थोल्ट नावाचं छोटं विमानतळ आहे. 1960 मध्ये हीथ्रोला निघालेलं पॅन अ‍ॅमचं बोइंग 707 तिथे जाऊन उतरलं. असे प्रकार टळावेत म्हणून तिथे काय केलं माहितेय? वाटेत गॅस साठवायच्या अवाढव्य टाक्या होत्या. साउथॉलच्या टाकीवर रंगवलं ‘एलएच’, हॅरोच्या टाकीवर ‘एनओ’, आणि शेजारी बाण! मला हा फंडा जाम आवडला. कागदावरचा नकाशा कमी पडला तर शहरावरच लेबलं लावायची.

मग काय, जुहूची रेघ राहिली. नॉर्थोल्टचीही काढली. दोन्ही शहरं एकाच स्केलवर, साउथॉल आणि हॅरोच्या जागी दोन गोल, त्यांवर अक्षरं आणि बाण. डिझाइनर मित्र म्हणाला, “क्लटर झालंय यार.” झालंय तर झालंय. स्वच्छ, सुंदर नकाशात नेमकी तीच रेघ गायब होते जी पायलटला फसवते. बाकी सोसायट्या, स्टेशनं, माणसं मीही गाळलीच, ते वेगळं.

फ्रेम काही बॅगेत मावेना. शेवटी तिच्या बाबांनी नकाशाची गुंडाळी करून पोस्टरच्या नळकांड्यात घातली. निघताना मी बजावलं, “टेकऑफ झाल्या झाल्या उजव्या खिडकीतून बघ. जुहूची पट्टी दिसेल.”

पहाटे मेसेज आला. ‘आयल सीट मिळाली. शेजारचे काका शटर उघडू देत नाहीयेत.’