नकोसा पृथ्वी, हवासा पृथ्वी

मावळ तालुक्यात गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या स्टेडियमवर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेल्या सामन्याची नोंद रणजीच्या आकडेवारीत होणार नव्हती. हंगामाच्या तोंडावर महाराष्ट्र आणि मुंबई यांच्यात झालेला तो तीन दिवसांचा सराव सामना होता. महाराष्ट्राकडून सलामीला आलेल्या पृथ्वी शॉने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध १८१ धावा केल्या, अर्शिन कुलकर्णीने १८६ धावा फटकावल्या आणि या जोडीने पहिल्या गड्यासाठी ३०५ धावांची भर घातली. मात्र दुसऱ्या दिवशी या धावांची चर्चा फारशी झाली नाही. मुशीर खानच्या गोलंदाजीवर बाद होऊन परतताना दोघांत शब्दाला शब्द वाढला, पृथ्वी बॅट घेऊन त्याच्या दिशेने गेला आणि अखेर पंचांना मध्ये पडावे लागले. ही दृश्ये घरोघरी पोहोचली आणि १८१ धावा बातमीच्या तळाशी गेल्या.

मुंबईने पृथ्वीला का सोडले आणि महाराष्ट्राने त्याला का घेतले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एकाच दिवसात सापडतात. महाराष्ट्राने केलेला हा व्यवहार शहाणपणाचा होता की उतावीळपणाचा, हा वाद त्यानंतर थांबलेला नाही.

पृथ्वीच्या गुणवत्तेबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात ५४६ धावा, जानेवारी २०१७ मध्ये रणजी पदार्पणात उपांत्य फेरीत शतक, २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधारपद आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४ धावा. एवढी सरळ आणि चढती वाट सचिन तेंडुलकरनंतर मुंबईच्या फार थोड्या मुलांच्या वाट्याला आली. पुढे मात्र वाट वाकडी झाली. खोकल्याच्या औषधातून शरीरात गेलेल्या निषिद्ध द्रव्यापायी २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला शून्य आणि चार धावांवर तो बाद झाला आणि कसोटी संघातून जो बाहेर गेला तो परतलाच नाही. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला आसामविरुद्ध त्याने ३७९ धावांची खेळी केली. रणजीच्या इतिहासात यापेक्षा मोठी खेळी एकच आहे, भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३ धावांची. ती १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्रासाठी खेळली गेली होती, हा योगायोग नमूद करण्याजोगा. २०१८च्या त्या युवा संघाचा उपकर्णधार शुभमन गिल २०२५ मध्ये भारताचा कसोटी कर्णधार झाला, त्याच वर्षी त्या संघाचा कर्णधार मुंबईकडे 'ना हरकत' मागत होता.

मुंबईच्या निर्णयाकडे आधी पाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये रणजीचे दोन सामने होताच पृथ्वीला संघातून वगळण्यात आले. तंदुरुस्ती आणि शिस्त ही कारणे तेव्हा सांगितली गेली. मुंबईकडून तो खेळलेला शेवटचा रणजी सामना महाराष्ट्राविरुद्धचा होता आणि त्याच सामन्यात त्याचा सलामीचा साथीदार, विरारचाच सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे, १७६ धावा करून गेला. मुंबईच्या कठोरपणामागचे गणित इथे उलगडते. ज्या संघाने ४२ वेळा रणजी करंडक जिंकला आहे आणि ज्याच्या दारात सलामीवीरांची रांग लागली आहे, त्याला शिस्तीचा आग्रह परवडतो. डिसेंबर २०२४ मध्ये विजय हजारे स्पर्धेसाठी निवड न झाल्यावर पृथ्वीने सोशल मीडियावर आपली आकडेवारी मांडून थेट देवालाच जाब विचारला, पण मुंबईच्या निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही. होण्याचे कारणही नव्हते.

महाराष्ट्राची स्थिती याच्या नेमकी उलटी. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळाली, त्यानंतर रणजी करंडक पुण्यात आलेला नाही. अखेरचा अंतिम सामना २०१३-१४ च्या हंगामातला. केदार जाधवने त्या वर्षी १२२३ धावा करूनही कर्नाटकाने करंडक नेला. ऋतुराज गायकवाड भारतीय संघाच्या किंवा भारत 'अ' संघाच्या कामगिरीवर गेला की वरच्या फळीत खिंडार पडते, हे दर हंगामाचे दुखणे. अशा संघाला पंचविशीतला, रणजीत ३७९ धावांची खेळी केलेला सलामीवीर आपणहून दार ठोठावत असेल तर ते उघडावेसे वाटणारच. जुलै २०२५ मध्ये ते उघडले गेले.

इथे थोडे थांबून व्यवहाराचा प्रकार समजून घेतला पाहिजे. आयपीएलमध्ये खेळाडूंची अदलाबदल होते. तिथे खेळाडूबरोबर त्याची किंमतही नव्या संघाच्या हिशेबात येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईकडे गेला तो निव्वळ पैशांच्या मोबदल्यात. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन १८ कोटींच्या किमतीसह चेन्नईला गेला, तर त्याच्या बदल्यात राजस्थानला मिळालेल्या रवींद्र जडेजाची किंमत १८ कोटींवरून १४ कोटींवर आली. रणजीत असे काही नसते. खेळाडू अर्ज करतो, जुनी संघटना ना हरकत देते आणि बदल्यात तिला काहीही मिळत नाही. म्हणजेच पृथ्वीसारखा फलंदाज मुंबईने अक्षरशः फुकट जाऊ दिला.

आंदर मावळातल्या गाडामालकांपुढे ही गोष्ट ठेवली तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असेल : पळणारा बैल कोणी विकतो का? विकायला निघाला आहे, तेही मागेल त्याला द्यायला, म्हणजे त्याला काही तरी खोड असणार. क्रिकेटच्या बाजारानेही तोच संशय घेतला. दिल्लीच्या संघाने २०२२ च्या हंगामासाठी पृथ्वीला साडेसात कोटींना कायम ठेवले होते. त्या वर्षी त्याने १० सामन्यांत २८३ धावा केल्या, २०२३ मध्ये आठ सामन्यांत १०६ आणि २०२४ मध्ये आठ सामन्यांत १९८. तीन हंगामांचे साडेबावीस कोटी आणि धावा ५८७; एका धावेमागे सुमारे पावणेचार लाख रुपये. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही त्याच्यासाठी एकही हात वर झाला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये अबुधाबीला पहिल्या पुकाऱ्यात पुन्हा तीच गत झाली. शेवटी नाव परत पुकारले गेले तेव्हा दिल्लीनेच त्याला ७५ लाखांना घेतले. त्याच खेळाडूला त्याच संघाने मूळ रकमेच्या एक दशांश किमतीत परत आणले, यापेक्षा स्पष्ट मूल्यमापन बाजार कोणते करणार?

या आकड्यांवर भिस्त ठेवून 'महाराष्ट्राने नसते ओझे घेतले' असे म्हणणारे मात्र एक गफलत करतात. साडेसात कोटींचे ओझे दिल्लीच्या डोक्यावर होते, महाराष्ट्राच्या नव्हे. रणजीत सामना शुल्क दिवसाच्या हिशेबाने ठरलेले असते, चाळीसहून अधिक सामने खेळलेल्यास दिवसाला ६० हजार रुपये. पाहुण्या खेळाडूला संघटना वेगळे मानधन देते हे खरे, पण त्या रकमेने कोणाचे दिवाळे निघत नाही. तेव्हा पैशांचा मुद्दा बाजूला ठेवलेलाच बरा. महाराष्ट्राने यात पणाला लावली आहे ती संघातली एक जागा आणि ड्रेसिंग रूमची शिस्त.

असा खेळाडू ठेवायचा की सोडायचा, हा पेच क्रिकेटपुरता नाही. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये बोस्टन रेड सॉक्सने डिसेंबर २००० मध्ये मॅनी रामिरेझशी आठ वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार केला. फटकेबाज म्हणून तो अव्वल, पण लहरी. २००३ च्या अखेरीस बोस्टनने कंटाळून त्याला कोणीही फुकट न्यावे म्हणून खुला केला. अट एवढीच की उरलेला पगार नव्या संघाने द्यावा. कोणीही पुढे आले नाही. पुढच्याच वर्षी बोस्टनने ८६ वर्षांनंतर जागतिक मालिका जिंकली आणि तिचा सर्वोत्तम खेळाडू होता मॅनी! २००८ मध्ये त्याने तिकिटांच्या क्षुल्लक कारणावरून संघाच्या वयोवृद्ध कर्मचाऱ्याला ढकलून पाडले, तेव्हा मात्र संघाने उरलेला पगारही स्वतः भरून त्याला लॉस एंजलिसला धाडले. तिथे ५३ सामन्यांत त्याने धुमाकूळ घातला, नवा संघ हरखला, त्याच्याशी नवा मोठा करार केला आणि मे २००९ मध्ये उत्तेजकांच्या नियमभंगासाठी त्याच्यावर ५० सामन्यांची बंदी आली. या कथेत सोडणारा चुकला की घेणारा, हे ती कोणत्या वर्षी थांबवून पाहतो यावर अवलंबून आहे.

पृथ्वीच्या बाबतीतही सध्या हेच चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये चेन्नईला बुची बाबू स्पर्धेत महाराष्ट्रासाठी पहिल्याच सामन्यात त्याने शतक ठोकले, तेव्हा मुंबई चुकली. गहुंजेत तो बॅट घेऊन मुशीरकडे गेला, तेव्हा मुंबई बरोबर. पुढच्याच आठवड्यात तिरुअनंतपुरमला केरळविरुद्ध तो भोपळाही न फोडता परतला आणि महाराष्ट्राचा अर्धा संघ १८ धावांत गारद झाला, तेव्हा मुंबई फारच बरोबर. त्यानंतर चंडीगडला त्याने १५६ चेंडूंत २२२ धावा केल्या, महाराष्ट्र जिंकला, ऋतुराजने सामनावीराचा पुरस्कार त्याच्याबरोबर वाटून घेतला आणि मुंबई पुन्हा चुकली! दर सामन्याला निकाल फिरवणाऱ्या या चर्चेतून हाती काही लागत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते महाराष्ट्राने त्याला घेतले हे योग्यच केले, चूक झाली असेल तर ती त्यानंतर. ती कोणती, हे समजण्यासाठी शेजारच्या विदर्भाकडे पाहावे. परक्या खेळाडूंचा उपयोग कसा करावा याचा वस्तुपाठ विदर्भाने घालून दिला आहे. वसीम जाफर मुंबईहून नागपूरला गेला तो कारकिर्दीच्या उत्तरार्धात. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोनदा रणजी जिंकली आणि दुसऱ्या हंगामात चाळिशी ओलांडलेल्या जाफरच्या हजारावर धावा होत्या. २०२४-२५ च्या विजेतेपदात करुण नायरच्या ८६३ धावा होत्या. पाहुणा खेळाडू म्हणजे घरात आणलेला वडीलधारा माणूस, त्याच्याकडे पाहून घरची मुले शिकतात. २०२५ मध्ये पृथ्वीबरोबरच आलेला जलज सक्सेना त्याच जातकुळीचा. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी असा दुहेरी पराक्रम करणारा तो पहिला खेळाडू.

पृथ्वीचे तसे नाही. तो शिकवायला आलेला नाही, सावरायला आलेला आहे. त्यात कमीपणा काही नाही, मात्र संघटनेने त्याच्याशी वागताना हा फरक ओळखायला हवा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेसाठी ऋतुराजच्या अनुपस्थितीत महाराष्ट्राचे नेतृत्व पृथ्वीकडे सोपवण्यात आले. गहुंजेच्या प्रसंगाला तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. यापूर्वी मुंबईला त्याने २०२१ ची विजय हजारे स्पर्धा कर्णधार म्हणून जिंकून दिली आहे, त्यामुळे त्याच्या डावपेचांविषयी शंका नाही. शंका आहे ती घाईविषयी. मुंबईने ज्या कारणासाठी त्याला दूर केले, त्याच कारणाचे ताजे दर्शन घडल्यावर महिन्या-दीड महिन्यात कर्णधारपद देणे, याला विश्वास म्हणावे की गरज? जबाबदारी टाकली की माणूस सुधारतो, असा युक्तिवाद समर्थक करतात. आधी सुधारणा आणि मग जबाबदारी, हा क्रम जुना असेल, पण संघातल्या इतर चौदा जणांना तोच समजतो.

या इतरांचा विचार चर्चेत फारसा होत नाही. नियमानुसार राज्य संघटनेला तीन पाहुणे खेळाडू घेता येतात. म्हणजेच अकरातल्या तीन जागा बाहेरच्यांना जाऊ शकतात. गहुंजेपासून आंदर मावळ फार लांब नाही. टाकव्याचा एखादा मुलगा पहाटे कान्ह्याची लोकल पकडून पिंपरी-चिंचवडला सरावाला जातो. तिथून वयोगटाच्या संघांत आणि त्यातला एखादाच राज्याच्या संभाव्य खेळाडूंत पोचतो. सलामीची एक जागा पृथ्वीला गेली तर या मुलाची तक्रार नसावी. २२२ धावा त्याला जमणाऱ्या नाहीत हे तो जाणतो. पण पृथ्वीला लावलेली फूटपट्टी आणि आपल्याला लावली जाणारी फूटपट्टी एकच आहे काय, हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे. सराव चुकवला, वजन वाढले किंवा मैदानावर प्रतिस्पर्ध्याशी झोंबाझोंबी केली तर त्याचे नाव यादीतून तत्काळ कापले जाईल.

त्यासाठी पृथ्वीला शिक्षाच करा असे नव्हे. पाहुण्या खेळाडूशी होणारा करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे संघटनेच्या हातात असते. त्यात धावांबरोबर तंदुरुस्तीच्या चाचण्यांचे आणि वर्तनाचे निकष असावेत, ते संघातल्या सर्वांना माहीत असावेत आणि कर्णधारपद त्यानंतर यावे. पुढचा हंगाम ठरवण्यासाठी निवड समिती बसेल तेव्हा तिच्यापुढे चंडीगडचा धावफलक असेल. त्याच्या शेजारी गहुंजेच्या सराव सामन्यावरील पंचांचा शेराही ठेवला जावा.